विधवेने पळवलेली कंपनी

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत प्राध्यापक-कक्षाला जो रंग चढतो तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचा प्रसंग नवा वाटणार नाही. चहाचे कप, लाल शाईची पेने, गठ्ठ्यांच्या सोडलेल्या सुतळ्या, आणि मधूनच उठणारा हशा. कोणाला तरी एखादे 'रत्न' सापडलेले असते आणि ते मोठ्याने वाचून दाखवल्यावाचून त्याला राहवत नाही. मागच्या सत्रात असेच एक रत्न इंग्रजीच्या गठ्ठ्यातून निघाले. उताऱ्यातले वाक्य होते, 'आफ्टर हिज डेथ द कंपनी वॉज रन बाय हिज विडो.' प्रथम वर्ष कला शाखेतल्या एका मुलाने त्याचे मराठी केले होते, 'त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने कंपनी पळवली.' उत्तरपत्रिका टेबलावरून टेबलावर फिरली. 'बाई भलतीच धाडसी निघाली हो, सर,' असे कोणी म्हणाले. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. आम्ही म्हणजे मराठी विभागातले दोघे. एरवी मराठी माध्यमाच्या मुलांचा कैवार घेण्यात सर्वांत पुढे असणारे.

त्याच आठवड्यात त्याच कक्षात दुसरा एक किस्सा सांगितला गेला. एका सहकाऱ्यांची मुलगी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. मराठीच्या धड्यात, आजीने त्या खोलीत कसेबसे चार दिवस काढले, अशा अर्थाचे वाक्य आले. मुलीने विचारले, 'बाबा, दिवस कशातून काढले?' यावरही हशा पिकला; पण या हसण्याची जात वेगळी होती. 'किती गोड!' असे दोघीतिघी म्हणाल्या. मुलीचे वडील कौतुकाने, किंचित अभिमानानेच, हसत होते.

चूक एकच आहे. एका भाषेतल्या क्रियापदाचा एक अर्थ ठाऊक, बाकीचे ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असलेला अर्थ तेवढा विश्वासाने पुढे केलेला. तरी एकाच्या वाट्याला टवाळी येते आणि दुसरीच्या वाट्याला लाड येतात. या तफावतीचे कारण भाषाशास्त्रात शोधण्याची गरज नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. आमचा वाद आहे तो त्या टवाळीमागे दडलेल्या समजुतीशी. ती समजूत अशी की, इंग्रजी ही काही विलक्षण भाषा आहे, तिची क्रियापदे बहुरूपी आणि मायावी आहेत, आणि आपल्या साध्याभोळ्या मराठीत वाढलेल्या मुलाच्या डोक्यात ती शिरायची नाहीत. ही समजूत खोटी आहे. ती टिकून राहिली यात इंग्रजीच्या शिक्षकांइतकाच, किंबहुना थोडा अधिक, दोष मराठीच्या शिक्षकांचा आहे.

आधी त्या मुलाने काय केले ते नीट पाहू. वाक्य कर्मणी आहे हे त्याने ओळखले. 'बाय' या शब्दामागचा कर्ता हुडकून तो तृतीया विभक्तीत घातला. कंपनी आपणहून पळत नाही, तिला कोणी पळायला लावले पाहिजे, हे ध्यानात घेऊन त्याने 'पळणे' या धातूचे प्रयोजक रूप योजले. व्याकरणाच्या दृष्टीने त्याच्या वाक्यात कानामात्रेचा दोष नाही. चुकले एवढेच, की इंग्रजांची कंपनी पळते आणि मराठी माणसाची कंपनी चालते. त्याने 'धावणे, पळणे' या पाठ केलेल्या जोडीऐवजी तिच्या शेजारचे 'चालणे' उचलले असते तर 'चालवली' असे झाले असते आणि पूर्ण गुण मिळाले असते. हसण्याआधी इतका विचार आमच्यापैकी कोणी केला नाही.

आणि 'रन' या क्रियापदाला मराठीत चालणे तरी पुरते का? घड्याळ चालते, नाटक शंभर प्रयोग चालते, इथवर ठीक. पण नाक गळते किंवा वाहते. कच्च्या रंगाचे कापड धुतले की रंग जातो. रस्ता नदीकाठाने जातो. वर्तमानपत्र बातमी छापते. निवडणुकीत अमेरिकेचा उमेदवार पळतो, इंग्लंडचा उभा राहतो, आणि आपला उभाही राहतो आणि लढवतोही. अंगात ताप असतो, धोका पत्करला जातो, साखर संपते, जुना मित्र बाजारात अचानक भेटतो. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी तेच तीन अक्षरी क्रियापद आहे, कधी एकटे, कधी 'आउट' किंवा 'इंटू' असे एखादे शेपूट लावून. मराठीत दर वेळी निराळे क्रियापद. तेव्हा 'रनचा अर्थ काय?' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. काय रन होते आहे, कोण करते आहे, पुढे कोणता शब्द आला आहे, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही. आमच्या शाळांत मात्र तो प्रश्न असाच विचारला जातो आणि त्याचे एका शब्दात उत्तर दिले जाते. धड्याखाली शब्दार्थ, गाइडमध्ये शब्दार्थ, वहीच्या मागच्या पानांवर मध्ये रेघ मारून डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून असणारे इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आले. वर्षे वाढली, पण वहीच्या मागच्या पानावरची ती रेघ हलली नाही.

त्या मुलाला आम्ही नंतर बोलावून घेतले. टवाळी त्याच्या कानावर गेली होती, त्यामुळे आधी तो गप्पच बसला. मग बोलता बोलता त्याने जे सांगितले ते ऐकून आम्हाला आमच्या हसण्याची खरोखरच लाज वाटली. त्याच्या घरी विहिरीवर मोटर आहे. शेतीची लाइट अनेक दिवस रात्रीची असते. म्हणून वडिलांनी ऑटो स्टार्टरची नवी पेटी बसवली. पेटीवर 'ड्राय रन' असे लिहिलेली एक कळ होती आणि सोबतच्या पुस्तिकेत 'डू नॉट रन द पंप ड्राय' असे वाक्य. घरात इंग्रजी 'येणारा' हा एकटाच. वडिलांनी विचारले, हे काय आहे? याने सांगितले, सुके पळणे, असे काहीतरी आहे, आपल्या कामाचे नाही. कळ बंद राहिली. उन्हाळ्यात एका रात्री विहिरीचे पाणी खाली गेले, पाइपाचे तोंड उघडे पडले, आणि मोटर पहाटेपर्यंत कोरडी चालत राहिली. सील जळाले. 'मोटर कोरडी चालू द्यायची नाही हे वडिलांना माहीत होतं, सर,' तो म्हणाला. 'त्या डब्यावर तेच लिहिलंय हे मला कळलं नाही.'

इंग्रजीच्या थोरवीची जी आख्यायिका सांगितली जाते तिच्याकडे आता वळू. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले की इंग्रजीत 'सेट' या एका शब्दाला चारशेहून अधिक अर्थ आहेत. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपुरते ते खरे होते. तेथे या क्रियापदाच्या नोंदीत ४३० अर्थ होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे कोशाची नवी आवृत्ती अक्षराअक्षराने तयार होऊ लागली तेव्हा २००० मध्ये 'मेक', २००७ मध्ये 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन' अशा क्रमाने हा मान फिरत गेला. 'रन'च्या क्रियापदी अर्थांची संख्या ६४५ भरली. आकडे ऐकून छाती दडपते. पण हे आकडे भाषेच्या थोरवीचे की कोशकारांच्या चिकाटीचे? ज्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली, ज्याचे काम आजही चालू आहे, तो कोश मोजणार नाही तर कोण मोजणार? मोजल्यावर ६४५ निघतात. आपण मोजायलाच बसलो नाही, म्हणून आपल्याकडे 'नाहीत' असे धरून चालायचे का?

'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, वेड लागते, नोकरी लागते, आग लागते. दार लागते म्हणजे बंद होते, आणि दिवा लागतो म्हणजे सुरू होतो. झाडाला कैऱ्या लागतात, विहिरीला पाणी लागते, ग्रहण लागते, सुतक लागते, दृष्ट लागते. साताऱ्याला जाताना वाटेत एक घाट लागतो आणि तो चढायला अर्धा तास लागतो. चढताना दम लागतो. चहा गोड लागतो. निकाल लागतो. म्हाताऱ्याचा डोळा लागतो म्हणजे झोप लागते. 'हा तुमचा कोण लागतो?' असे विचारले की नाते सांगायचे असते. जावे लागते, यात सक्ती आहे. रडू लागतो, यात आरंभ आहे. 'मनाला लागले' असे म्हटले की जखम आहे, पण रक्त नाही. आता एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला 'लागणे' म्हणजे 'टच' असे वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या आणि 'दार लाव' व 'दिवा लाव' या दोन वाक्यांपुढे उभे करा. किंवा 'वाढवणे' म्हणजे आकार किंवा संख्या मोठी करणे एवढेच शिकवा, आणि मग देवापुढे नारळ वाढवणाऱ्या माणसाकडे पाहायला सांगा. तो बिचारा नारळ मोठा होण्याची वाट पाहत बसेल.

असे असता मराठी माणसाला आपल्या क्रियापदांचे हे वैभव का दिसत नाही? याचे उत्तर आम्हा मराठीच्या शिक्षकांपाशी आहे. आम्ही हा सगळा ऐवज एका खणात कोंबून त्याला कुलूप लावले आहे, आणि खणावर चिठ्ठी आहे 'वाक्प्रचार'. डोळा लागणे: झोप येणे. पळ काढणे: पळून जाणे. भाव खाणे: मिजास करणे. 'अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा.' शाळेपासून हेच. परिणाम असा की 'डोळा लागणे' हा वाक्प्रचार, 'नोकरी लागणे' ही साधी गोष्ट, आणि 'जावे लागणे' हा व्याकरणातल्या संयुक्त क्रियापदाचा विषय. तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद राबते आहे हे बारावीपर्यंत मुलाच्या नजरेस कोणी आणत नाही. पदव्युत्तर वर्गातही क्वचितच आणले जाते. मोरो केशव दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ला (१९११) शतक उलटून गेले. त्याचा दाखला आम्ही देतो तो प्रयोग आणि विभक्ती यांच्या वादापुरता. आपल्याच भाषेत एक शब्द वीस ठिकाणी वीस प्रकारे वावरतो, हे ज्या मुलाने कधी डोळसपणे पाहिलेले नाही, तो परक्या भाषेत तशी अपेक्षा कशी ठेवील? त्याच्या दृष्टीने शब्द म्हणजे भांडे आणि अर्थ म्हणजे त्यातले पाणी. भांड्यागणिक एकच पाणी.

वर्गात वर्षानुवर्षे पाहिलेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती वरवर पाहता उलटी वाटते. आमची मुले इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांना भीत नाहीत. 'एक्स्टिंग्विश' म्हणजे विझवणे, 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, 'टॉलरेट' म्हणजे सहन करणे, हे एकदा पाठ केले की पाठ. ती अडखळतात 'पुट आउट', 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' यांपाशी. म्हणजे इंग्रज मूल ज्या शब्दांत बोलायला शिकते नेमके तेथे. कारण उघड आहे. मोठे शब्द लॅटिन-फ्रेंचकडून उशिरा आलेले, पोशाखी, एकेका कामापुरते नेमलेले. 'पुट', 'गेट', 'टेक', 'रन' हे घरातले गडी. दळणापासून दिवाबत्तीपर्यंत सगळी कामे त्यांच्या अंगावर. जो शब्द अधिक वापरात तो अधिक अर्थांचा, असा संबंध जॉर्ज किंग्झ्ली झिफ यांनी १९४५ मध्ये मांडला होता, आणि तो काही एकट्या इंग्रजीचा कुळाचार नाही. मराठीत 'प्रज्वलित करणे' परदेशी माणसाला एका दिवसात येईल. 'लावणे' यायला त्याला आपल्या ओसरीवर दोन वर्षे राहावे लागेल. (आणि 'तू काय दिवे लावलेस ते दिसले' हे कळायला आणखी एक.) तत्सम शब्द सोपे आणि घरचे शब्द अवघड, हा परक्याचा अनुभव दोन्ही भाषांत सारखाच आहे. तरी स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांतून 'पुट', 'गेट', 'टेक' यांच्या शेपटांसह पाचशेपाचशे जोड्यांच्या याद्या घोकून घेतल्या जातात. यादी मोठी झाली, पद्धत तीच.

या शेपटांचे तरी नवल वाटायला नको होते. 'हृ' हा एकच धातू. त्याला उपसर्ग लागले की प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. मारणे, खाणे, हिंडणे, नाश करणे, टाळणे. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत हे पाच शब्द उदाहरण म्हणून इतक्यांदा आले आहेत की आमच्या पिढीला ते पाढ्यांसारखे पाठ होते. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि चिकटतो. इंग्रजीत तो मागे येतो आणि सुटा राहतो, कधी मध्ये दोनचार शब्द घालून लांब जाऊन बसतो. फरक मांडणीचा आहे. 'टेक ऑफ', 'टेक इन', 'टेक अप', 'टेक ओव्हर' ही मंडळी प्रहार-आहारांची मावसभावंडे आहेत, असे अकरावीच्या मुलाला पाच मिनिटांत सांगता येते. आम्ही दोघांनी गेल्या वीस वर्षांत ते एकदाही सांगितले नव्हते.

धातू अनेकार्थी असतात हे पतंजलीने सांगितले. शब्दाचा अर्थ संदिग्ध असेल तर तो कशावरून ठरवावा याची यादीच भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दिली: कशाशी जोडला आहे, कशापासून तुटला आहे, सोबत कोण आहे, विरोधात कोण आहे, प्रयोजन काय, प्रकरण कोणते. शंखचक्रासह आलेला हरी हा विष्णू; एरवी तो सिंह असेल, माकडही असेल. जेवताना 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. काव्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेसाठी हे आम्ही दरवर्षी शिकवतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना, मुख्यार्थबाध, सगळे साग्रसंगीत. आणि तेच विद्यार्थी शेजारच्या वर्गात जाऊन 'रन = धावणे' असे लिहितात. सैंधवाचा घोडा वर्गाबाहेर कधी गेलाच नाही. हे सांगण्यात 'आमच्याकडे सगळे आधीच होते' अशी छाती फुगवण्याचा हेतू मुळीच नाही. होते आणि वापरले नाही, यात अभिमान कसला?

वापरले ते दुसऱ्यांनीच. मराठी क्रियापदांच्या अर्थांची पहिली मोठी शिस्तशीर मांडणी मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात झाली. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली दुसरी १८५७ ची. साहेबाला मराठी मुलखावर राज्य करायचे होते, म्हणून त्याला 'लागणे' आणि 'काढणे' यांचा पुरता छडा लावणे भाग होते. त्याने शास्त्री-पंडितांना मदतीला घेऊन तो लावला. या कोशातल्या मोठ्या क्रियापदांच्या नोंदी उघडून पाहाव्यात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश कोणालाही विनामूल्य पाहता येतो. एका क्रियापदाचे कितीतरी अर्थ वेगळे करून, कोणत्या संदर्भात कोणता ते दाखवत कोशकार पुढे जातो. शंभर वर्षांनी, १९३२ ते १९३८ या काळात, दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड आले. तेथेही ही श्रीमंती पानोपानी आहे. साहेबाने आमची भाषा अशी शिकून घेतली. आम्ही मात्र त्याची भाषा रेघ मारलेल्या वहीतून शिकायला निघालो.

येथे एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे, कारण तो आमच्याच महाविद्यालयात आम्हाला ऐकवला गेला. 'हे सगळे मराठीतून कशाला? इंग्रजी शिकायची तर इंग्रजीतच विचार करायला हवा. मनातल्या मनात भाषांतर केले की असेच होणार, विधवा कंपनी पळवणार.' गावोगावच्या इंग्रजी संभाषणवर्गांच्या पाट्यांवर हे तत्त्वज्ञान निरनिराळ्या रंगांत लिहिलेले असते. त्यात तथ्याचा अंश आहे, तो आम्ही मान्य करतो. दिवसभर इंग्रजी कानावर पडणाऱ्या, घरात इंग्रजी पुस्तके असणाऱ्या मुलाला मराठीच्या कुबड्यांची गरज नाही. पण ज्याला आठवड्याचे चारपाच तास सोडले तर इंग्रजी भेटतच नाही, त्याला 'मराठी विसर' असे सांगणे म्हणजे नदी ओलांडायला निघालेल्याची होडी काढून घेऊन त्याला पोहण्याचे महत्त्व सांगणे आहे. तो भाषांतर करणारच. प्रश्न एवढाच आहे की शब्दाचे करणार की वाक्याचे. आणि भाषांतर करू नकोस असे तोंडाने सांगायचे, आणि परीक्षेत 'खालील वाक्यांचे मराठीत भाषांतर करा' असे विचारायचे, ही शहाण्यांची विसंगती त्या मुलाने कशी समजून घ्यावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमचा आम्हीच घेतो. 'लागणे' उत्तम कळले म्हणून 'रन' कळेल का? नाही. मराठीत काय चालते यावरून इंग्रजीत काय पळते याचा अंदाज बांधता येत नाही. ते वाचूनच, पुन्हा पुन्हा भेटूनच कळते. 'लागणे' देते ती सवय: क्रियापद दिसले की आधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहायचे, कर्ता कोण, कर्म काय, मागे शेपूट आहे का, आणि पाठ असलेला अर्थ बसत नसेल तर आपण चुकलो असे न समजता दुसरा अर्थ असणार असे समजायचे. एवढी शंका त्या मुलाला आली असती तर त्याने शब्दकोश उघडला असता. तो कोशही नीट निवडलेला हवा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी परक्यांना क्रियापद त्याच्या वाक्यरचनेसकट शिकवावे लागते हे अनुभवाने ओळखले. त्यातून १९४२ मध्ये तेथे निघालेला कोश पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आपल्या नावाने काढला. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांनी लक्षावधी शब्दांचा खराखुरा वापर संगणकात गोळा करून १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश सिद्ध केला. तेथे अर्थ सुट्या शब्दात न सांगता पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो: कोण, कशाचे, काय करते. त्या कामातून असेही दिसले की आपल्याला चटकन सुचणारा 'मूळ' अर्थ हाच नेहमी सर्वाधिक वापरातला नसतो. 'टेक' म्हटले की हाताने घेणे आठवते. प्रत्यक्षात हे क्रियापद वेळ घेते, फोटो काढते, आंघोळ करते, परीक्षा देते. (हो, इंग्रजीत परीक्षा घेणारा विद्यार्थी असतो. मराठीत तो देतो आणि आम्ही घेतो.)

गंमत अशी की हा धडा यंत्रांनी गिरवला. शब्दाला शब्द, तुकड्याला तुकडा लावून केलेली जुनी यांत्रिक मराठी भाषांतरे वाचून आपण सर्वांनी करमणूक करून घेतली आहे. २०१७ मध्ये गुगलने मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी पद्धत बदलली. यंत्र आता सगळे वाक्य एकदम विचारात घेऊ लागले. विधवेचे ते वाक्य आम्ही त्याला घालून पाहिले. त्याने 'चालवली' असे निमूट लिहिले. शेजार पाहायला यंत्राला शिकवण्यात आले. आमच्या मुलाच्या वहीतली रेघ आहे तिथेच आहे.

आम्ही एक तास या कामाला दिला. वर्गाला सांगितले, 'लागणे' सांगा. पहिली पाच मिनिटे भूक आणि तहान यांपलीकडे गाडी जाईना. मग मागच्या बाकावरून 'लाइट लागली, सर' असे आले, कोणी 'वरात दारी लागली' म्हटले, एका मुलीने 'म्हैस गाभण लागली' सांगितले आणि वर्ग हसला. त्यानंतर फळा अपुरा पडला. त्रेपन्नावर आम्ही थांबलो, आणि मग त्याच्या शेजारी 'रन' लिहून तीच विचारपूस सुरू केली. मोटरवाला मुलगा त्या दिवशी हजर होता. 'ड्राय' हा शब्द त्यानेच सांगितला.

इंग्रजी विभागातल्या मॅडमना ही कल्पना आवडली. दोन विभागांनी मिळून सत्रात असे चार तास घ्यावेत असा अर्ज आम्ही केला आहे. अभ्यासक्रमात तरतूद नाही, असा शेरा मारून तो परत आला. या सत्राच्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका परवा हाती पडली. प्रश्न पहिला, उपप्रश्न 'अ': खालील शब्दांचे मराठी अर्थ लिहा. रन, टेक, सेट, पुट, ब्रेक. प्रत्येकी एक गुण.